तुळसाकाकी आणि मंतरलेले तांदूळ

वरंधच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिथे माझी चुलतसासू तुळसाकाकी बरेच दिवस सगळ्यांच्या नजरेत होती. भाकरीच्या प्रत्येक घासाला तिला पाण्याचा घोट लागायचा. बोलता बोलता जीभ टाळूला चिकटायची, आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखी ती सारखी डोळे चोळायची. "नाटकं हायत," असं तिची मोठी जाऊ राहीबाई येता-जाता म्हणायची.

शिमग्याला राहीबाईची नथ गेली. सगळीकडे शोधून झाल्यावर तिने भगताला बोलावलं. त्याने मंतरलेले तांदूळ भावकीतल्या बायकांना चावायला दिले. चोराच्या तोंडाला भीतीने कोरड पडते, म्हणून त्याचे तांदूळ कोरडेच राहतात म्हणे! असला न्याय बघून माझं डोकं फिरलं, पण सगळ्यांबरोबर मीही चावले. आमचे थुंकलेले तांदूळ ओले निघाले. काकीच्या तोंडातून कोरडी भुकटी पडली.

"आता बोल गो," राहीबाई म्हणाली.

"मी नाय घेतली, आक्का."

त्यानंतर काकी पाणवठ्यावर आली की बायका आपापली कानातली चाचपायच्या.

शेवटी मीच तिला महाडला दवाखान्यात नेलं. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "या आजाराला शोग्रेन म्हणतात. शरीर स्वतःच्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटतं. पूर्ण बरा होत नाही, पण सांभाळता येतो." त्यांनी डोळ्यांत घालायचे थेंब लिहून दिले. काकीने एवढंच विचारलं, "हे आमच्या घरी येऊन सांगाल?" डॉक्टर हसले. ती हसली नाही.

मग एके दिवशी राहीबाईच्या लेकीचा, सेजलचा, मुंबईहून फोन आला. नथ तिने नेलेल्या साडीच्या घडीत निघाली होती. राहीबाई तडक आमच्याकडे आली आणि काकीच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. रडून झाल्यावर मागे सरून ती काकीचे डोळे निरखू लागली. ते कोरडे ठणठणीत होते.

"मी येवढी रडले, न् तुला एक टिपूस नाय? म्हंजे मनात राग हाय तुझ्या."

मी घाईघाईने थेंबांची बाटली काकीच्या हातात कोंबली. दोन थेंब गालावर ओघळले असते तर राहीबाईचं समाधान झालं असतं. काकीने बाटली खाली ठेवली.

"राग हाय, आक्का," ती म्हणाली. "पन तो डोळ्यांत नको शोधू. मी तोंडानं सांगतेय. तवा पन तोंडानंच सांगितलं होतं."