सेव्हिलच्या मांडवाबाहेर

अख्ख्या गावाची जत्रा, आणि आत जायला आमंत्रण! मला हे आजही पटलेलं नाही.

डॅलसजवळच्या आमच्या अर्विंगमध्ये बायको सहा महिने, गुडघ्याला पट्टा बांधून, दर शनिवारी सेव्हिलचा जोडीनं करायचा नाच शिकली. इच्छा एकच: तिथल्या वसंतातल्या जत्रेत, खऱ्या मांडवात एकदा नाचायचं. म्हणून आम्ही दोघं आणि कॉलेजातली लेक डॅलसहून विमानानं तिथे पोचलो. पाहतो तर पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे मांडवच मांडव, प्रत्येकातून गिटार आणि टाळ्या, आणि प्रत्येकाच्या दारात एक रखवालदार. “प्रिव्हादो.” म्हणजे स्पॅनिशमध्ये खाजगी. कुणा घराण्याचा, कुणा मित्रमंडळाचा. सगळ्यांसाठी खुले मांडव होते थोडे, पण तिथे पाय ठेवायला जागा नव्हती.

पाचव्या नकाराला माझा तोल गेला. “दारात आलेल्या पाहुण्याला परत पाठवता? लाज वाटत नाही?” हे शुद्ध मराठीत. रखवालदार गोड हसला.

“बाबा, स्टॉप! इट्स देअर पार्टी,” लेक म्हणाली.

झालरीचा ठिपकेदार ड्रेस घातलेली बायको शांतपणे म्हणाली, “पाडव्याच्या कार्यक्रमाला आपल्या मराठी मंडळाच्या हॉलच्या दारात रिस्टबँड बांधत कोण उभं होतं रे? मुलाकडे आलेल्या त्या नागपूरच्या काकू म्हणाल्या, दारातूनच लेझीम बघते. तू काय म्हणालास?”

“रजिस्ट्रेशन नव्हतं त्यांचं. आणि हॉलमध्ये किती माणसं चालतात, त्याचा फायर कोड...”

“हो ना. फायर कोड.”

मी आणखीच चिडलो. चूक माझी निघाली की माझा आवाज चढतो, हे घरात सगळ्यांना पाठ आहे.

बायकोनं माझा नाद सोडला. पर्स माझ्या हातात कोंबली आणि बाहेरच्या पिवळ्या मातीतच, आतल्या गिटारीवर, एकटी नाचू लागली. आतून केसांत फूल माळलेली एक म्हातारी आली, तिचा हात वर धरून नीट केला आणि तिला ओढत आत घेऊन गेली. व्हिडिओ काढायला लेकही मागोमाग आत गेली. पोट आत घेऊन मीही निघालो. रखवालदाराचा हात आडवा.

“आय अ‍ॅम द हजबंड!”

“प्रिव्हादो.”

काखेत पर्स. मी खुणेनं विचारलं, इथूनच बघू का? तो उठला आणि मला आतलं दिसेल इतपत त्यानं आपली खुर्ची बाजूला सरकवली. बायको दुसऱ्या गिरकीला चुकली, हसली, पुन्हा लागली नाचायला.

अर्विंगला त्या काकूंसमोर मी दार लावून घेतलं होतं.