गांगुर्डे सिस्टर आणि आईचा गालिचा

गांगुर्डे सिस्टर कुणाच्याही घरी आल्या की माणसांच्या आधी फरशी बघायच्या. दारात चपला काढायच्या, पायाचा अंगठा फरशीवर दोनदा घासायच्या आणि मग विचारायच्या, "काय, कसे आहात?" सरकारी दवाखान्यात पस्तीस वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी हाडांच्या वॉर्डात. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. "खुबा मोडलेली म्हातारी माणसं कुठून येतात माहितीय का?" त्या म्हणायच्या. "डोंगरावरून पडून नाही येत. आपल्याच पलंगावरून बाथरूमपर्यंत जाताना येतात."

वडील गेल्यावर मी आईला येवल्याहून माझ्याकडे आणलं. तेव्हा ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती, काठी घेऊन चालायची, डावा पाय जरा ओढायची. आमची फरशी चकचकीत, मिलिंदनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, हौसेनं निवडलेली. नाशिकच्या थंडीत ती इतकी गार पडायची की आई पाय खाली टेकवायला तयार नसायची. म्हणून तिच्या खोलीत गालिचा टाकायचं ठरलं. मोबाइलवर मी एक पांढरा, बोटं बुडतील असा गालिचा पसंत केला आणि आईचं बीपी बघायला आलेल्या सिस्टरांना कौतुकानं दाखवला.

त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. "हा गालिचा आहे का ससा?"

"मऊ आहे ना, सिस्टर."

"मऊच आहे. त्यात काठी रुतेल, पाय अडकेल आणि आजी आडव्या. रविवारी मोकळी आहेस का? मी येते बरोबर."

रविवारी आम्ही निघालो. पहिलं दुकान कॉलेज रोडला, मोठं, एसी लावलेलं. टाय लावलेल्या विक्रेत्यानं एक निळा गालिचा उलगडला आणि म्हणाला, "मॅडम, लाइफटाइम गॅरंटी."

"कुणाचं लाइफ?" सिस्टरांनी विचारलं. "माझी सहासष्ट झालीत. त्या मानानं सांगा."

मग त्यांनी चपला काढल्या, माझी छत्री काठीसारखी धरली आणि डावा पाय ओढत त्या गालिच्यावर चढल्या. हुबेहूब आई. कडेपाशी त्यांचा अंगठा अडकला, तोल गेला आणि दुकानातले तिघंजण धावले. त्यांना बाजूला सारून त्या शांतपणे म्हणाल्या, "आता सांगा, घरी नेल्यावर ही कड उचलली तर?"

"तसं होतच नाही, मॅडम."

"आत्ता झालं की," त्या म्हणाल्या आणि चपला घालून बाहेर पडल्या.

तिथून एका मैदानावरच्या प्रदर्शनात गेलो. तिथे गालिच्यांचे डोंगर होते आणि भावही बरे वाटत होते. मी एक उचललाच होता. सिस्टरांनी विक्रेत्याला तोच प्रश्न विचारला. प्रदर्शन आजच संपतंय, पण काही लागलं तर पानिपतला, आमच्या कारखान्यात फोन करा, असं तो म्हणाला. सिस्टरांनी माझ्या हातातला गालिचा काढून परत ठेवला. "चल. पानिपतला जाऊन भांडायची आपली हौस फिटलेली आहे."

दुपारी दोनला आम्ही मेन रोडजवळच्या गल्लीतल्या एका अरुंद दुकानात शिरलो. आत हुसेनभाई नावाचे म्हातारे गृहस्थ एकटेच बसले होते. मी एका जाड गालिच्याकडे बोट दाखवलं. त्यांनी तो काढायच्या आधी विचारलं, "कुणासाठी?"

"आईसाठी. काठी घेऊन चालते ती."

"मग हा नाही देणार. पातळवाला घ्या, खालून रबर असलेला. माझा माणूस येऊन चिकटवून देईल."

सिस्टरांनी प्रश्न टाकलाच. "कड उचलली तर?"

"उचलणारच. सहा महिन्यांत म्हणा, वर्षात म्हणा. फोन करा, परत चिकटवू."

सकाळपासून पहिल्यांदाच सिस्टर स्टुलावर टेकल्या आणि त्यांनी पाणी मागितलं. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "जो म्हणतो असं होतच नाही, तो नंतर ओळखसुद्धा दाखवत नाही. डॉक्टरही मी असेच ओळखायचे."

दोन दिवसांत गालिचा लागला, पलंगापासून बाथरूमच्या दारापर्यंत. सिस्टरांनी त्यावर पाय ओढून बघितला, छत्री रोवून बघितली. सगळं ठाकठीक होतं.

"कसा आहे, आजी?"

"बरा आहे," आई म्हणाली. मग काठीचं टोक त्यावर फिरवत म्हणाली, "राखाडी आहे."

"डाग दिसत नाहीत त्यावर."

"मला डागांचं कुणी विचारलं नव्हतं. कशाचंच नव्हतं विचारलं."

आई रागावून बोलली नव्हती. बाहेर ऊन पडलंय असं सांगावं, तसं तिनं ते सांगितलं. मला वाटलं, सिस्टर आता काहीतरी गमतीचं बोलून वेळ मारून नेतील. पण त्या आईसमोर स्टूल घेऊन बसल्या.

"चुकलं माझं, आजी. पस्तीस वर्षं मी डॉक्टरांशी भांडले, की आधी पेशंटला विचारा. आणि या वेळी मीच विचारलं नाही. माफ करा मला."

आई गडबडली, उगाच पदर सारखा करत राहिली. "अहो, त्यात काय एवढं."

"आहे. आता सांगा, कसा हवा होता?"

आईचा हात पदरावर थांबला. "लाल. फुलांचा. आमच्या तिकडे डॉक्टरांच्या दिवाणखान्यात होता. मी दारातूनच बघायचे."

पुढच्या मंगळवारी आम्ही तिघी रिक्षानं हुसेनभाईंकडे गेलो. आईला खुर्ची मिळाली. हुसेनभाई एकामागून एक लाल गालिचे उलगडत होते आणि आई मान हलवून नको म्हणत होती. सिस्टर दोन्ही हात मांडीखाली दाबून गप्प बसल्या होत्या. इतका वेळ गप्प बसलेल्या मी त्यांना आधी कधी बघितलं नव्हतं. शेवटी आईनं जो निवडला तो जाड, झालरीचा, पाय हमखास अडकेल असा. सिस्टरांचा चेहरा बघून आईला हसू आलं. "घाबरू नका. चालायला तुमचाच. हा बघायला."

"मग भिंतीवर लावून देतो," हुसेनभाई म्हणाले.

तो आईच्या पलंगासमोर भिंतीवर लागला. भिंतीला भोकं पाडताना मिलिंद कुरकुरला आणि पुढे आल्यागेल्याला तोच आधी ती भिंत दाखवायला लागला.

त्यानंतर सोसायटीत कुणाला गालिचा घ्यायचा असला की सिस्टर बरोबर जायच्या, पण वापरणाऱ्यालाही घेऊनच. वरच्या मजल्यावरच्या जोडप्याला त्यांनी बाळासकट नेलं आणि बाळाला तीन गालिच्यांवर रांगवलं. बाळ ज्यावर जाऊन झोपलं तो घेतला.

मागच्या वर्षी सिस्टरांची मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली. डॉक्टरकडे जायचं सोडलं तर एरवी सहसा खाली न उतरणारी आई त्या दिवशी काठी घेऊन फाटकापर्यंत आली. दोघी एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. "काठीचं रबर झिजलंय, बदला," सिस्टर म्हणाल्या. "बदलते," आई म्हणाली. गाडी गेली.

लिफ्टमध्ये आईनं डोळे पुसले. "लग्न होऊन साठ वर्षं झाली मला," ती म्हणाली. "सासू झाली, नवरा झाला, दीर-जावा झाल्या, तुम्ही पोरं झालात. माझं चुकलं, असं मला म्हणालेलं हे एकच माणूस."

माझं चुकलं, असं मीही तिला म्हणावं अशा दोन-तीन गोष्टी होत्या. दुपारी चहा करून तिच्या खोलीत जाऊन बसले आणि एकेक करून म्हटल्या.