अंगणाचं भाडं

आमच्या घरमालकाने कोर्टात लिहून दिलं की खोली भाड्याची, पण अंगण आम्हांला निव्वळ मेहरबानी म्हणून वापरू दिलं होतं. ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बोंबील सुकवून पोट भरणारी बाई. अंगण काढून घेऊन खोली ठेवली, तर त्या खोलीत मी काय करायचं? भिंतीला टेकून बसायचं?

त्या खोलीत आम्ही आई होती तेव्हापासून राहतो. पावसाळा सरला की अंगणात बांबू रोवायचे, दोऱ्या ताणायच्या, बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडीजोडीने टांगायचे. सुकले की सायवन, तलासरीच्या आठवडी बाजाराला न्यायचे. किनाऱ्यावर आमच्यासारखी कितीतरी घरं याच्यावरच जगतात. थोरले मालक होते तोवर कुणाची काही तक्रार नव्हती. ते गेले, मुलाने मागच्या चिकूच्या वाडीत पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या आणि पाहुण्यांना वास यायला लागला. हा मुलगा माझ्याच वयाचा. त्याच वासात माझ्याबरोबर लगोरी खेळून मोठा झालाय. तेव्हा त्याच्या नाकाला काही झालं नव्हतं.

त्याचं दुसरं म्हणणं जास्त वाईट होतं. पावसाळ्याच्या महिन्यांचं भाडं आम्ही कधीच दिलं नाही, म्हणून खोलीही खाली करा. आता यात पैसे दिले नाहीत हे खरं होतं. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, हातात काही नसायचं. म्हणून आईचं आणि थोरल्या मालकांचं ठरलं होतं: मृग लागायच्या आधी सुक्या मासळीची एक मोठी टोपली त्यांच्या घरी पोचवायची, तेच पावसाळ्याचं भाडं. त्यांच्या घराची बेगमी व्हायची, आमच्या डोक्यावरचं ओझं उतरायचं. आई गेल्यावर मीही तेच करत राहिले. मासळीची पावती मागावी हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नाही. पैशाची पावती मागतात, बोंबलाची कोण मागतं?

न्यायाधीशांनी आधी मध्यस्थीला बसा म्हणून सांगितलं. कोर्टातल्याच एका लहान खोलीत टेबलाभोवती आम्ही बसलो. मध्यस्थ म्हणून एक वकीलबाई होत्या. आवाज शांत, पण नजर कुणाला सोडायची नाही.

मालक म्हणाला, "मॅडम, पावसाळ्यात ही स्वतःच बांबू काढते. अंगण भाड्याचं असतं तर असं मोकळं सोडलं असतं का? आणि ती टोपली म्हणजे भेट होती. शेजारधर्म."

"बांबू पावसात कुजतात म्हणून काढते," मी म्हटलं. "तू उन्हाळ्यात स्वेटर काढून ठेवतोस, म्हणून तो दुसऱ्याचा होतो का?"

मॅडमनी मला बाजूला घेऊन एकटीला विचारलं. अंगण सोडलंत तर तो मागचं थकलेलं भाडं सोडायला तयार आहे, खोली राहील, असं म्हणाल्या. घरच्यांनीही आदल्या दिवशी हेच सांगितलं होतं, नमतं घे म्हणून. मी नाही म्हटलं. मला भीती वाटत नव्हती असं नाही. हरले तर खोलीही जाणार होती. पण आईने चोख भरलेल्या भाड्याला तो नुसती भेट म्हणत होता, ते मला गिळवत नव्हतं.

पुन्हा सगळे एकत्र बसल्यावर मी मॅडमना विचारलं, "तुमच्याकडे कुणी दिवाळीचा फराळ पाठवला तर ताट परत कसं पाठवता?"

"काहीतरी घालून. रिकामं कसं पाठवणार?"

"यांच्या घरीही तसंच. आम्ही फराळ दिला की ताटात चिकू यायचे, नारळी पौर्णिमेला नारळीभात दिला की डब्यातून साखर यायची. मासळीची टोपली मात्र दर वर्षी रिकामी परत आली. का, ते याच्या आईला विचारा."

मालक हसला. बायकांच्या गोष्टी आहेत, म्हणाला. मॅडम हसल्या नाहीत. पुढच्या तारखेला आईला घेऊन या, असं त्यांनी त्याला सांगितलं.

त्याची आई, आमच्या काकी, आल्या. थकलेल्या, मुलाचा हात धरून. मला त्यांच्याकडे बघवेना. ज्याच्या घरात दोन घास खायचे त्याच्या विरुद्ध त्या काय बोलणार, असंच मनात होतं. मॅडमनी टोपलीचं विचारलं. काकींनी पदर सारखा केला.

"भेटीचं भांडं माझ्या हातून कधी रिकामं गेलं नाय," त्या म्हणाल्या. "ती टोपली भाड्याची. भाड्यात कोण काय परत घालतं? अंगण धरूनच ठरलेलं. आमच्या यांनी माझ्यासमोर ठरवलेलं."

मुलाने भेटीचा मुद्दा सोडला आणि भाडं वाढवून मागितलं. मग तासभर घासाघीस झाली. भाडं वाढलं, पावसाळ्याचंही यापुढे पैशांतच द्यायचं ठरलं. मला ते जड जाणार आहे, पण मी कबूल केलं, कारण खोली आणि अंगण एका ओळीत लिहिलं गेलं.

सह्यांच्या आधी मालक टेबलाकडे बघत मला म्हणाला, "दोऱ्या विहिरीच्या बाजूला घेशील का? तिकडून वास खोल्यांकडे येत नाय."

"हे पहिल्याच दिवशी विचारलं असतंस तर त्याच संध्याकाळी घेतल्या असत्या."

"मग आता?" मॅडमनी विचारलं. त्यांचं पेन कागदावर होतं.

"घेईन. पण ते लिहू नका, मॅडम. ते भाड्यात नाही. ती माझ्याकडून भेट आहे. भेटीच्या बदल्यात काय पाठवतात, ते त्याने आपल्या आईला विचारावं."