नॉनग्रँटवाला नवरदेव

कॉलेजात शिकवणारे तिघे एका खोलीत राहायला लागले की किस्से धुण्यासारखे साठतात. अधूनमधून ते वाळत घालावेच लागतात.

नव्वदच्या दशकात नाशिक रोडला आम्ही तिघे फिजिक्सवाले एकत्र राहायचो. गांगुर्डे सरकारी कॉलेजात, मी अनुदानित, म्हणजे ग्रँटवरच्या, आणि बोरस्ते चांदवडच्या अलीकडे हायवेवर नव्याने निघालेल्या विनाअनुदानित कॉलेजात. डिग्री तिघांची एकच! पण ज्यांच्या घरी लग्नाच्या मुली होत्या, ते शेजारी चहाला आम्हा दोघांनाच बोलवायचे.

गांगुर्डेच्या लॅबमध्ये एक भारी परदेशी दुर्बीण होती. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे, ते सर बदली होऊन गडचिरोलीला गेले ते किल्लीसकट. मी विचारलं, "मग मुलांना दुर्बीण दाखवता कशी?"

"दाखवतो की दरवर्षी. काचेतून."

तोंडी परीक्षेत मुलं त्या दुर्बिणीचं वर्णन अगदी अचूक करायची. फक्त पुढच्या बाजूचं.

माझ्या ग्रँटवाल्या कॉलेजात वाघ नावाचे शिपाई होते. एकदा प्राचार्य बेल वाजवून वाजवून दमले आणि बाहेर आले, तर वाघ दारातच स्टुलावर.

"वाघ, ऐकू येत नाही का?"

"येतं ना सर. पण आमचा पगार सरकारचा अन् बेल संस्थेची. कोणाचं ऐकायचं ते लेखी द्या, लगेच उठतो."

प्राचार्य स्वतःच जाऊन पाणी प्यायले.

बोरस्तेची तऱ्हाच वेगळी. तो फिजिक्सचा विभागप्रमुख होता आणि अख्खा विभागही तोच होता. शिवाय लायब्ररी त्याच्याकडे, खो-खोचा संघ त्याच्याकडे. दर महिन्याला विभागाची बैठक घ्यायचा नियम होता, म्हणून तो एकटाच बसून ती घ्यायचा. प्राचार्यांनी विचारलं, "काय ठरलं बैठकीत?"

"एकमत झालं नाही, सर."

पण त्याचं लग्न मात्र अडून बसलं होतं. एमएस्सीला आमच्या मागच्या वर्गात असलेली सुनंदा आहेर आणि तो, दोघांचं कधीच पक्कं झालं होतं. सुनंदाचे वडील अण्णा देवळ्याचे कांद्याचे बागायतदार. ते म्हणायचे, "पोरगा लय गुणाचा हे, पण नॉनग्रँट नाय चालणार." शेवटी सुनंदाने हट्टच धरला, तेव्हा म्हणाले, "एकदा कॉलेज पाहतो, मग काय तो शेवटचा शब्द देतो."

आणि आले ते नेमके विद्यापीठाची समिती तपासणीला येणार त्याच दिवशी!

त्या दिवशी गांगुर्डे आणि मीही तिथे होतो. कॉलेज ओळखू येत नव्हतं. लायब्ररी भरगच्च, लॅब चकाचक, स्टाफरूममध्ये टाय लावलेले प्राध्यापक. अण्णा दुपारभर सगळीकडे फिरले. समिती खूश होऊन गेली आणि अण्णा बोरस्तेच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मला वाटलं नव्हतं बुवा. झ्याक हे कॉलेज."

तेवढ्यात टेम्पो रिव्हर्स घेत दारात आला आणि सामान भरायला सुरुवात झाली. गांगुर्डेने मला कोपराने ढोसलं. अण्णांना चहाच्या निमित्ताने आत न्यायचं, एवढंच काम होतं. पण बोरस्ते जागचा हलला नाही.

"अण्णा, खोटं सांगून तुमची मुलगी नेणार नाही. ही पुस्तकं याच्या कॉलेजची," माझ्याकडे बोट दाखवत तो म्हणाला. "लॅबचं सामान दुसऱ्या कॉलेजचं. खुर्च्या इथल्या मंगल कार्यालयाच्या. आणि हे दोघं प्राध्यापकसुद्धा आजच्यापुरतेच."

मी टाय सोडून खिशात घातला.

अण्णांनी टेम्पोतल्या सामानावरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाले, "मग ह्या कॉलेजचं खरं काय हे?"

"मी आहे, अण्णा. रोज असतो."

अण्णांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. टेम्पोजवळ गेले आणि खुर्च्या चढवणाऱ्या ड्रायव्हरला म्हणाले,

"तुमच्या त्या कार्यालयात, वैशाखातली एखादी तारीख मोकळी हे का रे?"