आत्याने आवाज दिला

माझी आत्या बसस्थानकावर घोषणा करायची. तिकीट खिडकीच्या डोक्यावर, अरुंद लाकडी जिना चढून गेलं की काचेची एक खोली होती. तिथे बसून ती एका बोटाने माइकचं बटण दाबायची, दुसऱ्या हातातला चहाचा कप तोंडापासून लांब धरायची आणि म्हणायची, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." आणि खाली सगळे खरंच लक्ष द्यायचे. रडणारी पोरंसुद्धा गप्प होतात, असं ती सांगायची. मी जाऊन पाहिलंय, बरीचशी व्हायची.

गल्लीतली मुलं तिला फलाटआत्या म्हणत. तिला त्याचा राग नव्हता. कुणी विचारलं, "फलाटआत्या, आमची आई दिसली का?" की ती घसा साफ करून सांगायची, "आपली आई वाण्याच्या दुकानाकडे रवाना झाली आहे. परतीस विलंब अपेक्षित आहे." तिने लग्न केलं नाही. आमच्याच घरात मागच्या खोलीत राहायची, आणि बाबांशी, म्हणजे स्वतःच्या थोरल्या भावाशी, रोज एका तरी गोष्टीवरून वाद घातल्याशिवाय तिला जेवण जात नसे.

मग बसस्थानकावर यंत्र आलं. आधीच भरून ठेवलेल्या घोषणा ठरलेल्या वेळी आपोआप वाजू लागल्या. काचेच्या खोलीला कुलूप लागलं आणि आत्याची बदली हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर झाली. घरी येऊन तिने एवढंच सांगितलं, "त्या यंत्राला 'उशीर' हा शब्द येत नाही. घाटात बंद पडलेली गाडीसुद्धा फलाटावर लागत आहे म्हणतं." पुढे दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. त्या दिवशी बाबांनीही वाद घातला नाही.

त्या खिडकीवर एकदा एक गृहस्थ आले. हातात पांढरी काठी, शर्टाच्या खिशाला इस्पितळाचं ओळखपत्र. इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर ते ऑपरेटर होते. छत्री बसमध्ये विसरली होती.

"रंग कोणता?" आत्याने सवयीने विचारलं आणि जीभ चावली.

"रंगाचं मला नका विचारू, बाई," ते हसले. "मूठ वाकडी आहे आणि एक काडी मोडलेली." मग जरा थांबून म्हणाले, "तुम्ही घोषणा करायच्या त्याच ना? तुमच्या आवाजावर मी इतकी वर्षं गाडी पकडली. तुम्ही गेल्यापासून दोनदा भलत्याच गावाला जाऊन आलोय."

छत्री सापडली. पण ऑपरेटर गेले नाहीत. त्यांचं खरं काम पुढेच होतं.

डोळ्यांनी न दिसणारी माणसं संगणक आणि फोन वापरतात ती ऐकून. पडद्यावर जे असेल ते एक सॉफ्टवेअर कानात वाचून दाखवतं. आपल्या भाषेसाठी असं सॉफ्टवेअर विकत मिळे, पण ते घेणं सगळ्यांच्या आवाक्यातलं नव्हतं, आणि ते बोलायचंही तोंडात खडे धरल्यासारखं. ऑपरेटर आणि त्यांच्यासारखे काहीजण, कुणी शिक्षक, कुणी हिशेबनीस, एक बँकेतल्या बाई, आपापल्या घरी बसून नवं बनवत होते. खुलं. म्हणजे ते आतून कसं चालतं हे कुणीही उघडून बघावं, दुरुस्त करावं, दुसऱ्याला द्यावं. बाकी सगळं जमलं होतं. आवाज तेवढा नव्हता, आणि तो मागायला ते आत्याकडे आले होते.

"आत्ताच्या त्या विकतच्या आवाजाला 'ज' कळत नाही," ऑपरेटर म्हणाले. "'जरा थांबा' हे तो 'जरा-मरण'मधल्या जरेसारखं वाचतो. मी फोनवर लोकांना थांबवतोय की म्हातारपणाला, काही कळत नाही."

आत्या इतक्या जोरात हसली की शेजारच्या खिडकीतला कारकून उठून उभा राहिला.

घरी मात्र बाबा उखडले. बाबा एका वकिलांकडे मुख्य कारकून होते. कागद म्हटला की त्यांच्या भुवया आधी वर जात. आवाज देण्याचं संमतिपत्र त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं.

"कुणीही वापरावा, बदलावा, वाटावा. अगं, हा काय प्रकार आहे? उद्या कुणी तुझ्या आवाजात कुत्र्याचं खाणं विकेल!"

"विकू दे. कुत्र्यांनासुद्धा नीट उच्चार ऐकायला मिळतील."

"थट्टा नको. एकदा दिलास की परत नाही मागता येणार."

"दादा, दिलेलं परत मागायची सवय मला कधी होती?"

बाबांनी कागद टेबलावर ठेवला. तिने तिथल्या तिथे सही केली.

ध्वनिमुद्रण आमच्याच घरात झालं. मागच्या खोलीत, दुपारी, गल्ली पेंगत असताना. पंखा बंद. खिडकीला गाद्या टेकवलेल्या. कपाटाची दारं उघडी ठेवून आत्या लटकवलेल्या साड्यांकडे तोंड करून बसायची, कारण कपड्यांत आवाज घुमत नाही. ऑपरेटर कानाला हेडफोन लावून दाराशी. मी पहारेकरी: भाजीवाल्याला लांबून हात करायचा, शेजारच्या काकूंना मिक्सर लावू नका म्हणून सांगायचं. वाक्यं विचित्र होती. भाषेतला प्रत्येक आवाज प्रत्येक आवाजाला चिकटून यायला हवा म्हणून जुळवलेली. "ढगाआडून झुरळ ठणठणीत बाहेर आलं." "हे जग मोठं आहे, तू शंभर वर्षं जग." त्या दोन 'जग'मधला फरक तिने असा काढून दाखवला की ऑपरेटरांनी ते वाक्य नुसतं ऐकायला म्हणून पुन्हा म्हणवून घेतलं. मे महिना होता. आत्या घामाने निथळायची, पण पुन्हा म्हणायला सांगितलं की कुरकुर नाही. उलट आपणच म्हणायची, "थांबा, त्या 'ळ'ला नीट न्याय मिळाला नाही."

सॉफ्टवेअर बाहेर पडलं आणि आत्या पसरली. दुसरा शब्द मला सुचत नाही. ज्यांना दिसत नाही त्यांच्या फोनमध्ये गेली, ग्रंथालयात गेली, ऑपरेटरांच्या बोर्डावर तर गेलीच. एका इमारतीच्या लिफ्टमध्ये आई चढली आणि "तिसरा मजला" ऐकून बावचळून आजूबाजूला नणंद शोधू लागली. बँकेतल्या बाईंनी कळवलं की त्या रोज सकाळी आख्खं वर्तमानपत्र आत्याकडून वाचून घेतात, अग्रलेखासकट. "अग्रलेख मी कधी वाचला नसता," आत्या म्हणाली. "आता वाचतेय म्हणे!"

मग ठगांचा काळ आला. माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून नातेवाइकांना लुबाडायचे प्रकार देशभर वाढले. आमच्याकडेही फोन आला. आईने उचलला. आत्याचाच आवाज: "वहिनी, मी अडचणीत आहे, कृपया थोडे पैसे पाठवा." आईने तत्काळ फोन आपटला. आम्ही विचारलं, कसं ओळखलंस? आई म्हणाली, "घरात ती कधी मेली 'कृपया' म्हणाली आहे का?"

आम्ही पोट धरून हसलो. पण सगळीकडे असं हसण्यावारी गेलं नव्हतं. कित्येक म्हातारी माणसं फसली होती. सरकारने घाईने अध्यादेश काढला: माणसाच्या आवाजाची नक्कल करणारं कोणतंही सॉफ्टवेअर यापुढे फक्त नोंदणीकृत कंपनीनेच द्यायचं, ज्याचा आवाज त्याची संमती दरवर्षी नव्याने घ्यायची, आणि नोंदणीशिवाय असं सॉफ्टवेअर वाटणाऱ्याला तुरुंगवास. हेतू चांगलाच होता. पण ऑपरेटरांच्या मंडळींची कंपनी नव्हती. कचेरी नव्हती. होती ती आपापल्या घरी बसलेली चार माणसं, संसार असलेली. त्यांनी घाबरून सॉफ्टवेअर मागे घेतलं. इस्पितळानेही बोर्डावरच्या संगणकातून ते काढून टाकलं, आणि ऑपरेटर पुन्हा म्हातारपणाला थांबवू लागले. पूर्वी कुठला डॉक्टर कुठल्या विभागात आहे हे ते क्षणात सांगत. आता शेजारच्या माणसाला विचारावं लागे.

हे सांगायला ते घरी आले तेव्हा आत्या भाजी निवडत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"हा कायदा कुणासाठी केलाय?"

"तुमच्यासाठीच," ऑपरेटर म्हणाले. "तुमचा आवाज कुणी चोरू नये म्हणून."

"माझ्या रक्षणासाठी माझंच तोंड बांधलं?" ती उठलीच. "दादा! त्या कायद्याचा कागद आण."

अध्यादेशाचा पक्का कायदा व्हायचा होता आणि त्यासाठी संसदेची एक समिती लोकांचं म्हणणं ऐकून घेत होती. हे बाबांना ठाऊक होतं. अर्ज त्यांनीच केला. एवढंच नाही, कलमात काय बदल हवा ते वाक्यही त्यांनी लिहून काढलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. ज्या माणसाने संमतिपत्रावर नाक मुरडलं होतं, तोच आता "परवाना खुला हवाच, कुणीही वापरावा असा, त्यात तडजोड नाही" म्हणून आईला स्वयंपाकघरात ऐकवत होता.

सुनावणीला मी आत्या आणि ऑपरेटरांबरोबर गेले. लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे झाकण ठेवलेला पाण्याचा पेला, बोलणाऱ्याच्या माइकवर लाल दिवा. आवाज विकणाऱ्या एका कंपनीचे अधिकारी आमच्या आधी बोलले. त्यांच्या मते अध्यादेश उत्तम होता, नोंदणी आणखी कडक हवी. छान बोलले, खोटं काही बोलले नाहीत.

मग आत्या. वय झालं होतं, आवाजाला थोडी खरखर आली होती. तिने माइक जरासा तिरका केला, बोटभर लांब सारला, आणि नाव सांगताच एक सदस्य पुढे झुकले.

"बाई, आपण कुठे भेटलोय का?"

"तुम्ही कधी बसने फिरला असाल तर मी तुम्हाला पुष्कळदा हाक मारली आहे."

सगळे हसले. अध्यक्षबाई हसल्या, पण त्यांनी प्रश्न मुद्द्याचा विचारला. "उद्या याच खुल्या आवाजात कुणी तुमच्या घरच्यांना फसवलं तर?"

"येऊन गेला तो फोन," आत्या म्हणाली आणि आईची 'कृपया'ची गोष्ट सांगितली. हशा ओसरू दिला. मग म्हणाली, "पण सगळ्यांच्या वहिनी इतक्या तिखट नसतात, हे मलाही कळतं. ज्यांचं गेलं त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं. तुम्ही चोराला हवी ती शिक्षा करा. पण तो चोर नोंदणीसाठी तुमच्या दारात येणार आहे का? दारात आले ते हे ऑपरेटर. तुम्ही त्यांनाच अडवलंत. माझा आवाज कुणी घेतला नव्हता. मी दिला होता. शुद्धीत, वाचून, भावाशी भांडून दिला होता. जो चोरतो आणि ज्याला दिलंय, त्या दोघांना एकच कलम कसं?"

कुणी काही लिहून घेतलं. कायद्याचा मसुदा करणारे एक अधिकारी कोपऱ्यात बसले होते, ते प्रामाणिकपणे म्हणाले, "खुल्या सॉफ्टवेअरचा विचार आम्ही वेगळा केला नव्हता. आपल्याला शब्द कसे हवेत?"

आत्याने बाबांचा कागद पुढे केला. मग ऑपरेटर बोलले. त्यांनी भाषण केलं नाही. खिशातला फोन काढला आणि आधी जुना खड्यांचा आवाज ऐकवला, मग आत्याचा. दोन्ही आवाज तोच मजकूर वाचत होते: अध्यादेशाचं पहिलं पान. पहिल्यातलं मला अर्धंही कळलं नाही.

कायदा झाला तेव्हा त्यात एक पोटकलम होतं. स्वखुशीने, खुल्या परवान्याखाली दिलेल्या आवाजाला नोंदणीची अट नाही. फसवणूक केली तर शिक्षा आहेच, आणि यंत्र बोलतंय हे ऐकणाऱ्याला आधी सांगायला हवं. ही शेवटची अट आमच्या कागदात नव्हती. आत्याला ती पटली. "बरोबर आहे," ती म्हणाली. "वहिनी लिफ्टमध्ये घाबरली होती."

वाक्य जसंच्या तसं बाबांचं नव्हतं, पण 'स्वखुशीने' हा शब्द त्यांचा होता. तो त्यांनी वकीलसाहेबांना दाखवला, न्हाव्याला दाखवला, आणि दुधवाल्याला थांबवून वाचून दाखवला. इस्पितळाच्या बोर्डावर आत्या परत आली. पहिल्या दिवशी ऑपरेटरांनी मुद्दाम आमच्या घरी फोन लावला, तो मी घेतला. मागे डॉक्टरांची नावं सांगणारा आवाज येत होता, आणि इकडे आत्या दाराशी उभी राहून विचारत होती, "कुणाचा गं फोन?"

आता तिच्या खोलीत दुपारी आपला आवाज द्यायला वेगवेगळी माणसं येतात. एकच आवाज लोकांनी किती वर्षं ऐकायचा, असं तिचं म्हणणं. मागच्या आठवड्यात एक गवंडी आले होते, खर्जातला दणदणीत आवाज, पण माइकसमोर येताच कुजबुजायला लागले. आत्या कपाटाशेजारी स्टूल घेऊन बसली होती.

"अहो, घाबरता कशाला," ती त्यांना म्हणत होती, "भिंतीवरून खालच्या माणसाला विटा मागता ना? तसं बोला. आणि तो 'ळ' गिळू नका."