चारीतलं पाणी आणि व्हीआयपी पार्किंग

आमच्या घराण्यात कॉलेज पुरं केलेली मी पहिली, आणि ते सांगताना मी मान खाली घालत नाही. कोपरगावजवळ आमच्या शिवारात मोठा संगीत महोत्सव ठरला, तेव्हा निवेदन माझ्याकडेच आलं. आठवडाभर मी गोठ्यात म्हशींपुढे सराव केला. आत्याचं पालुपद एकच, एवढं शिकून शेवटी चुलीपुढंच बसायचं ना? त्या संध्याकाळी आत्याचं तोंड बंद करायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. जावयाच्या नव्या गाडीसाठी तिनं माझ्याच ओळखीवर व्हीआयपी पार्किंगचा फुकट पास मात्र घेतला.

आयोजक रस्त्याची कामं घेणारे ठेकेदार. गाण्यातलं त्यांना फार कळत नव्हतं, पासातलं कळत होतं. पार्किंगसाठी ठरलेल्या माळावर त्यांनी खाण्याचे स्टॉल बसवले आणि गाड्यांसाठी माझ्या चुलत्यांचं ऊस तुटून गेलेलं रान भाड्यानं घेतलं. स्टेजजवळचा सखल कोपरा म्हणजे व्हीआयपी पार्किंग, सगळ्यात महाग.

रस्ता आणि रान यांच्यामध्ये पाटाच्या पाण्याची चारी आहे. गाड्या आत याव्यात म्हणून त्यांनी ती मुरूम टाकून बुजवली. खाली पाईप टाका, महोत्सवाच्या दिवशीच आमची पाण्याची पाळी आहे, असं चुलत्यांनी बजावलं होतं. एका संध्याकाळसाठी पाईपचा खर्च कशाला, तुम्हीच पाळी सोडा, असं ठेकेदारांचं म्हणणं. चुलतेही हट्टाला पेटले.

"भाडं ह्या रानाचं घेतलंय. पलीकडच्या उसानं काय पाप केलंय?"

दुपारनंतर गाड्यांनी रान भरलं. चुलते पलीकडे उसात खोरं घेऊन पाण्याची वाट बघत उभे. पाणी येणार कुठून? मुरमाला अडून ते बिनआवाजाचं व्हीआयपी पार्किंगमध्ये शिरत होतं. काळ्या मातीनं पोटभर पाणी पिलं आणि गाड्या अंड्यावरच्या कोंबड्यांसारख्या बसत गेल्या. मोठ्या गायकांची गाडी सगळ्यात पुढे, म्हणून सगळ्यात खोल. त्यांनी दार उघडून पाय खाली ठेवला. पाय वर आला, बूट आला नाही. मग त्यांनी काच वर केली आणि आपण गाणार नाही असा आतूनच निरोप धाडला.

लोक पैसे परत मागायला लागले, तेवढ्यात चुलते ट्रॅक्टर घेऊन आले. गाडी ओढायचा दर त्यांनी तिथल्या तिथे ठरवला. ठेकेदार मडगार्ड धरून गायकांची गाडी आधी काढा म्हणून विनवू लागले.

"कडंची गाडी आदी निघंल. तुमीच त्यांना पार आत नेऊन बसवलंय."

गोंधळ आवरेना, तेव्हा ठेकेदारांनी माईक माझ्या हातात दिला आणि गाड्यांचे नंबर पुकारायला सांगितले. मीही कमी नाही. "रसिकहो," म्हणून सुरुवात केली आणि एकेक नंबर असा पुकारला की स्टॉलवाल्यांनीही ऐकून घेतला. महोत्सवात माईकवर झालं ते एवढंच.

तेवढ्यात चपला हातात घेऊन, गुडघ्यापर्यंत चिखल झालेली आत्या स्टेजपाशी आली.

"आवाज लई खडा हाय गं तुजा," ती म्हणाली. "शिकल्याचं चीज झालं. आता जावयाची गाडी तेवढी पयली पुकार."

मी तिला माईकवरूनच सांगितलं, व्हीआयपी शेवटी.