एक नंबर मोठे

फुटबॉलच्या बुटांचं दुकान चालवणारे काका गिऱ्हाइकाला आधी खेळायचे मोजे चढवायला लावत, मग विचारत, "खेळतोस कुठं?" बचाव करणाऱ्याला भक्कम बूट, कडेनं पळणाऱ्याला हलका, रुंद पंजाला रुंद. "जरा मोठाच द्या, पाय वाढतोय पोराचा," असं कुणी म्हणालं, की काकांचं डोकं फिरायचं. "खेळायचं आज आणि बूट पुढच्या वर्षीचा? पाय मुरगळला तर मला बोल लावू नका!"

त्यांची लेक हे ऐकतच दुकानात लहानाची मोठी झाली. कडेनं अशी पळायची, की बघत राहावं. पण आजारानं तिला पार वाळवून टाकलं. पुढचा मोसम काही ती बघत नाही, हे डॉक्टरांनी काकांना एकट्यालाच सांगितलं.

त्या संध्याकाळी काकांनी नवे हलके बूट घरी नेले आणि पलंगाशी बसून तिच्या पायांत चढवले. तिनं टाचेमागं बोट घातलं. ते सहज आत गेलं.

"बाबा, तुम्ही एक नंबर मोठे आणलेत?"

"पाय वाढतोय ना तुझा."

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. मग वाकून तिनं नाड्या करकचून आवळल्या.

"हो," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी बरोबर बसतील."